एडा लव्हलेस : पत्रांतून मिळालेली गणिताची तालीम

लॉर्ड बायरन ह्या कवीची मुलगी आणि जगातला पहिला प्रोग्रॅम लिहिणारी बाई, अशी एडा लव्हलेस हिची ओळख आता शाळकरी मुलांच्या पुस्तकांतूनही असते. एवढ्यावरून वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, ही कोणी उपजत प्रज्ञेची मुलगी असावी. तिने यंत्र पाहिले आणि तिला सारे उमगले. तिचे चरित्र जरा निवांतपणे पाहिले म्हणजे चित्र निराळे दिसते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तीन मुलांची आई झाल्यावर, ही बाई बीजगणितातल्या साध्या पायऱ्यांवर अडत होती, आणि अडल्या जागेचा कागद भरून गुरूकडे पाठवीत होती. त्या कागदांतून तिचे गणित घडले. गाण्याची तालीम ज्यांच्या घरात चालत आली आहे, त्यांना ही हकिकत फारशी परकी वाटणार नाही.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. आई ॲनाबेला मिलबँक ही श्रीमंत घरातली, करारी स्वभावाची आणि गणिताची मनापासून आवड असलेली. बायरनशी तिचे लग्न १८१५ च्या जानेवारीत झाले आणि वर्षभरातच मोडले. १८१६ च्या जानेवारीत महिन्याभराच्या मुलीला घेऊन ती माहेरी निघून गेली. एप्रिलमध्ये बायरनने इंग्लंड सोडले, तो पुन्हा परतला नाही. १८२४ मध्ये ग्रीसमध्ये तो वारला तेव्हा एडा आठ वर्षांची होती. बापाची तसबीर घरात होती, पण मुलीच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती झाकून ठेवलेली असे.

आईला एकच धास्ती होती : बापाचे भरकटणारे मन मुलीत उतरेल. ह्यावर तिने जे औषध योजले ते म्हणजे गणित. मुलगी लहान असतानाच तिला अंकगणित, भाषा आणि संगीत ह्यांचे धडे सुरू झाले. शिस्त कडक होती. पण औषध म्हणून दिलेली वस्तू मुलीला चक्क आवडली. बारा वर्षांची असताना, १८२८ मध्ये, आपण उडावे असे तिच्या मनाने घेतले. पक्ष्यांच्या पंखांची मोजमापे, पंख कशाचे करावेत, वाफेच्या बळावर उडणारा घोडा करता येईल का, अशा विचारांनी तिने पत्रे भरली. कल्पना बापाची आणि मोजपट्टी आईची, असे ते मिश्रण होते. पुढच्याच वर्षी गोवराच्या दुखण्यात तिचे पाय लुळे पडले. बराच काळ ती अंथरुणावर होती, त्यानंतर कुबड्यांवर. अभ्यास मात्र अंथरुणावरही चालू राहिला.

तिच्या गुरूंची परंपराही मोठी गमतीची आहे. आईला गणित शिकवले ते विल्यम फ्रेंड ह्या केंब्रिजच्या जुन्या पंडितांनी. ऋण संख्या त्यांना मान्यच नव्हत्या. शून्याहून लहान संख्या ही भाषाच त्यांना निरर्थक वाटे, आणि म्हणून १७९६ मध्ये त्यांनी त्या संख्यांना फाटा देऊन बीजगणिताचे पुस्तक लिहिले. एडाच्या लहानपणी तिच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम ह्याच वृद्ध फ्रेंड ह्यांच्याकडे होते. पुढे एडाला खरी तालीम दिली ती त्यांच्या जावयाने, आणि हा जावई बीजगणिताचा नव्याने पाया घालणाऱ्यांपैकी निघाला. घराणे एक, पण सासऱ्याला जे स्वर वर्ज्य ते जावयाला मान्य, असा हा प्रकार होता.

१८३३ च्या जून महिन्यात सतरा वर्षांच्या एडाची चार्ल्स बॅबेज ह्यांच्याशी ओळख झाली. थोड्याच दिवसांत आईबरोबर ती त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या गणनयंत्राचा जुळवून ठेवलेला भाग तिने पाहिला. पितळी चाके फिरत आणि कोष्टकातल्या संख्या आपोआप पुढे येत. लंडनची बडी मंडळी ते एक नवल म्हणून बघून जात. एडा त्याचे नकाशे मागून घेऊन अभ्यासू लागली. १८३४ मध्ये घरच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने युक्लिडची भूमिती नेटाने पुरी करायला घेतली. डॉक्टरांचा हेतू मन ताळ्यावर आणण्याचा होता. थोड्याच दिवसांत शिष्येचे प्रश्न डॉक्टरांना झेपेनासे झाले. त्याच सुमारास आईच्या एका मैत्रिणीच्या मुलींना ती स्वतः पत्रांतून भूमिती शिकवू लागली. शिकलेले पक्के करण्याचा हा मार्ग आपल्याकडच्या गुरुजनांनाही ठाऊक आहे.

ह्याच काळात तिला मेरी सोमरव्हिल ह्यांचा सहवास लाभला. स्कॉटलंडमधल्या ह्या विदुषीची कथा स्वतंत्रच सांगण्याजोगी आहे. बायकांच्या एका मासिकातल्या कोड्यात तिने पहिल्यांदा बीजगणिताची अक्षरे पाहिली. धाकट्या भावाच्या शिक्षकाकडून तिने युक्लिडचे पुस्तक मिळवले. मुलगी रात्री जागून वाचते हे कळल्यावर घरच्यांनी मेणबत्त्या काढून घेतल्या, तेव्हा ती अंधारात पडून पाठ झालेले सिद्धांत मनात सोडवीत असे. तिनेच लाप्लास ह्या फ्रेंच पंडिताचा खगोलगणितावरचा अवघड ग्रंथ इंग्रजीत आणला. तो १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेला. ज्या विद्यापीठात बाईला प्रवेश नव्हता, तिथे तिचे पुस्तक शिकवले गेले. एडाला पुस्तके सुचवणे, शंका निरसणे आणि तिला बॅबेज ह्यांच्या घरच्या मेळाव्यांना सोबत नेणे, हे सारे ह्या सोमरव्हिलबाईंनी आपुलकीने केले.

१८३५ च्या जुलैत एडाचे लग्न झाले. नवरा पुढे १८३८ मध्ये अर्ल ऑफ लव्हलेस झाला, आणि त्या नावानेच ती जगाला ठाऊक आहे. १८३६, १८३७ आणि १८३९ ह्या वर्षांत तिला तीन मुले झाली. मोठ्या घरचा संसार, बाळंतपणे, मधूनमधून उलटणारी दुखणी, ह्यांत गणित मागे पडले. कित्येकांचा रियाज अशाच वळणावर कायमचा सुटतो. एडाने मात्र उलट केले. तिने बॅबेज ह्यांना पत्र घालून आपल्याला चांगला शिक्षक मिळवून द्यावा अशी गळ घातली. अखेर १८४० च्या उन्हाळ्यात ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांनी तिला शिकवायचे कबूल केले. फ्रेंड ह्यांचे जावई ते हेच.

डी मॉर्गन ह्यांचे नाव आपल्याला परके वाटू नये. त्यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्या देशात, मदुरेला झाला. तान्हेपणीच त्यांचा एक डोळा गेला, आणि काही महिन्यांचे असतानाच ते विलायतेस गेले. लंडनच्या नव्या विद्यापीठात बाविसाव्या वर्षीच ते गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या बीजगणिताचे मराठी भाषांतर १८४८ च्या सुमारास मुंबईत झाले. जॉर्ज जर्व्हिस ह्या अधिकाऱ्याने इथल्या शास्त्र्यांच्या मदतीने ते सिद्ध केले. तेव्हा ज्या गुरूच्या पुस्तकांवर एडा वाढली, त्याच गुरूचे एक पुस्तक एकोणिसाव्या शतकातल्या मराठी विद्यार्थ्यालाही मिळाले होते.

शिकवणी बहुतेक पत्रांतून चाले. एडा कधी लंडनला, कधी सरे परगण्यातल्या ऑकहॅमच्या वाड्यात, कधी सॉमरसेटच्या समुद्रकाठच्या घरी असे. अभ्यासाला मुख्य पुस्तक म्हणजे डी मॉर्गन ह्यांचाच कलनशास्त्रावरचा मोठा ग्रंथ. तो १८३६ ते १८४२ ह्या काळात सुट्या भागांनी निघत होता. जोडीला त्यांचे बीजगणित आणि त्रिकोणमिती. रीत अशी की, एडाने ठरलेला भाग वाचावा, उदाहरणे करावीत, आणि जिथे पाऊल अडेल तिथली मांडणी कागदावर उतरून पाठवावी. गुरूचे उत्तर येई ते नेमके त्या पावलापुरते. पुढचे गणित तिचे तिनेच सोडवायचे.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ह्या पत्रव्यवहारातली साठांच्या आसपास पत्रे जपून ठेवली आहेत. त्यांत गुरूने खोडून दुरुस्त केलेल्या ओळी दिसतात. एका सूत्रात एका अक्षराच्या जागी दुसरी राशी घालायची, इतकी बाब; तिथे एडा चुकते. एका प्रकारच्या फलन-समीकरणापाशी तर ती फारच अडली. तासन् तास खर्च करूनही ते हाती लागेना, हे तिने गुरूला मोकळेपणी कळवले. पुढे काही अभ्यासकांनी ह्याच पत्रांवरून असा निकाल दिला की, बाईला गणित येतच नव्हते. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, गणिताच्या इतिहासकारांनी ही पत्रे तारखेच्या क्रमाने लावून पुन्हा वाचली, तेव्हा वेगळे दिसले. ज्या चुका तिच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून दाखवल्या जात, त्या पहिल्या महिन्यांतल्या होत्या. वर्षभराने तीच विद्यार्थिनी गुरूच्या ग्रंथातले छपाईचे दोष दाखवते आणि सिद्धतेत कुठली अट गृहीत धरली आहे ते विचारते. १८४१ मध्ये तिने विचारले की, बीजगणिताची भाषा जशी सपाट पृष्ठावरच्या भूमितीला लावता येते, तशी ती तीन मितींच्या अवकाशाला लावता येईल काय? विल्यम हॅमिल्टन ह्या आयरिश गणितज्ञाला दोन वर्षांनी, १८४३ मध्ये, ज्या शोधाची वाट सापडली, त्याच दिशेचा हा प्रश्न होता. तालमीत पहिल्या वर्षी बेसूर लागलेल्या षड्जावरून गायकाची परीक्षा करू नये, हे आपण जाणतोच.

ह्या तालमीचे फळ १८४३ मध्ये दिसले. बॅबेज ह्यांच्या मनात आता पहिल्याहून फार मोठे यंत्र होते. पहिले यंत्र ठरावीक पद्धतीने कोष्टके काढणारे. त्यावर सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्च झाले, आणि ते पुरे न होताच १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. नव्या यंत्रात संख्या साठवण्याचे एक ‘कोठार’ आणि हिशेब करणारी एक ‘गिरणी’ असे दोन भाग योजले होते. कोणता हिशेब कोणत्या क्रमाने करायचा, हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी सांगायचे. जाकार्दच्या फ्रेंच मागावर नक्षी विणण्यासाठी असेच पुठ्ठे वापरीत. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. तसेच पुठ्ठे बदलले की यंत्राचे काम बदलावे, ही त्यातली कल्पना. १८४० मध्ये बॅबेज ह्यांनी इटलीतल्या तुरीन येथे ह्या यंत्राची माहिती सांगितली. तिथल्या लुइजी मेनाब्रेआ ह्या तरुण अभियंत्याने त्यावर फ्रेंचमध्ये निबंध लिहिला, तो १८४२ मध्ये जिनिव्हात छापला गेला. हे मेनाब्रेआ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले.

त्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर एडाने केले. ते पाहून बॅबेज ह्यांनी तिला सुचवले की, त्याला स्वतःच्या टिपा जोडाव्यात. १८४३ चा उन्हाळा त्या टिपांत गेला. दोघांत जवळजवळ रोज पत्रे जात. मुद्रिते येत, पाने गहाळ होत, पुन्हा लिहावी लागत. अखेर टिपा मूळ निबंधाच्या तिपटीच्या जवळ गेल्या. त्यांखाली सही फक्त आद्याक्षरांची होती. मध्येच बॅबेज ह्यांना त्या प्रकाशनाला सरकारविरुद्धच्या गाऱ्हाण्याची एक निनावी प्रस्तावना जोडायची इच्छा झाली. एडाने त्याला साफ नकार दिला. ज्यांच्या यंत्रासाठी ती झटत होती त्यांनाच तिने हे सुनावले.

शेवटच्या टिपेत तिने बर्नूलीच्या संख्या यंत्राकडून कशा काढून घ्याव्यात ते दाखवले आहे. एकापासून क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या वर्गांची, घनांची आणि पुढच्या घातांची बेरीज देणाऱ्या सूत्रांत काही ठरावीक अपूर्णांक पुन्हा पुन्हा येतात. त्या ह्या संख्या. कलनाचा अभ्यास करताना त्यांच्याशी तिची ओळख झालेली होती. ह्यातली पुढची संख्या काढायची तर आधीच्या साऱ्या हाताशी लागतात. म्हणून यंत्राने तेच हिशेब नव्या संख्या घेऊन पुन्हा करायचे असतात. तबल्याचे आवर्तन फिरून समेवर यावे आणि प्रत्येक फेरीला गाणाऱ्याने पुढची जागा घ्यावी, तसे हे चालते. पंचवीस पायऱ्यांच्या एका कोष्टकात तिने प्रत्येक पायरीला कोणती क्रिया, कोणत्या स्तंभातली संख्या घ्यायची, उत्तर कुठे ठेवायचे, हे सारे मांडले. चौथ्या पायरीत भाज्य आणि भाजक उलटे छापले गेले आहेत. आजचा प्रोग्रॅम लिहिणारा ती चूक ओळखून हसतो, कारण त्याच्याही वाट्याला ती रोज येते.

ह्यातले बॅबेज ह्यांचे किती आणि एडाचे किती, हा वाद जुना आहे. बॅबेज ह्यांच्या कागदांत अशा क्रमांच्या मांडण्या काही वर्षे आधीच्याही सापडतात. त्यांनी १८६४ मध्ये आत्मचरित्रात लिहिले की, बर्नूलीच्या संख्यांचे बीजगणित तिचा त्रास वाचावा म्हणून आपण करून दिले, पण त्यातली आपली एक मोठी चूक तिनेच काढून ते परत धाडले. गुरुस्थानी असलेल्याची चूक शोधण्याइतकी तयारी तिची झाली होती, एवढे ह्यावरून नक्की ठरते.

तिचे स्वतःचे असे जे त्या टिपांत आहे, ते मात्र दुसऱ्या कोणाकडून आलेले नाही. बॅबेज ह्यांची नजर मुख्यतः संख्यांवर होती. एडाच्या लक्षात आले की, ज्या कोणत्या वस्तूंमधले संबंध चिन्हांनी मांडता येतात, त्यांवर हे यंत्र काम करू शकेल. उदाहरण तिने घेतले ते संगीताचे. स्वरांचे परस्परसंबंध यंत्राच्या भाषेत बसवता आले, तर यंत्राला कितीही गुंतागुंतीची स्वररचना करता येईल, असे तिने मांडले. ती स्वतः हार्प हे तंतुवाद्य वाजवीत असे, तेव्हा हे उदाहरण तिला सहज सुचले असावे.

आपल्याकडे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे ५,०४० प्रस्तार सांगितले. अमुक क्रमांकाचा प्रस्तार कोणता आणि अमुक प्रस्ताराचा क्रमांक कोणता, हे काढण्याची कोष्टकाची रीतही त्याने दिली. स्वर हिशेबात मांडता येतात हे आपल्या पूर्वजांना माहीत होतेच. ५,०४० पलट्यांतून राग उभा राहत नाही, हेही त्यांना माहीत होते. एडानेही ही मर्यादा ओळखली होती. यंत्र आपण होऊन नवे काही निर्माण करीत नाही, आपण जे सांगू शकतो तेवढेच ते करते, असे तिने त्याच टिपांत बजावले आहे. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग ह्यांनी यंत्राच्या विचारशक्तीवर लिहिताना तिच्या ह्या मताचे नाव घेऊन खंडन करण्याचा प्रयत्न केला. तो वाद अजून संपलेला नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. १८४४ च्या जानेवारीत डी मॉर्गन ह्यांनी एडाच्या आईला एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी कळवले की, तिच्या विचाराची ताकद पहिल्यापासूनच कोणत्याही नवशिक्याहून, मग तो पुरुष असो की स्त्री, फार वेगळी आहे. केंब्रिजला निघालेल्या एखाद्या तरुणात ती दिसली असती, तर तो स्वतंत्र शोध लावणारा, कदाचित पहिल्या प्रतीचा गणितज्ञ होईल असे भाकीत आपण केले असते. पण इतका ताण बाईच्या प्रकृतीला सोसणार नाही अशी भीती वाटल्यामुळे तिच्यापाशी आपण ही स्तुती कधी बोलून दाखवली नाही, असेही त्यांनी लिहिले. तोंडावर शाबासकी न देणारे उस्ताद आपल्याकडेही होऊन गेले. शिष्याचा रियाज ढिला पडू नये हा त्यांचा हेतू असे. इथे हेतू उलटा होता : शिष्येने फार पुढे जाऊ नये. इतक्या बारकाईने आणि चिकाटीने शिकवणाऱ्या सज्जन गुरूच्या मनातही त्या काळाची भिंत शिल्लक होती. आपल्या गुरूच्या मनात आपली खरी किंमत काय आहे, हे एडाला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही.

ह्यापुढची हकिकत दुःखाची आहे. बॅबेज ह्यांच्या यंत्राच्या कामाची व्यवस्था आपण पाहावी असे तिने त्यांना अटींसह सुचवले होते. त्यांनी ते मानले नाही. यंत्र कधी बनलेच नाही. नवे काम हाती न आलेल्या त्या बुद्धीला घोड्यांच्या शर्यतींचे वेड लागले, आणि १८५१ च्या डर्बी शर्यतीत तिने हजारो पौंड घालवले. त्यातच गर्भाशयाच्या कर्करोगाने तिला गाठले. वेदना असह्य झाल्या की अफूच्या अर्कावर दिवस काढावे लागत. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती वारली तेव्हा तिचे वय छत्तीस होते. बायरनही छत्तिसाव्या वर्षीच गेला होता. ज्या बापाला तिने कधी जाणले नाही, त्याच्याच शेजारी, हकनॉल गावच्या देवळात, तिला तिच्या इच्छेप्रमाणे पुरले.

शंभर वर्षे ह्या टिपा बहुतेक विस्मरणात होत्या. १९५३ मध्ये इंग्लंडात संगणकांवर निघालेल्या एका पुस्तकात त्या पुन्हा छापल्या गेल्या आणि लोकांचे लक्ष तिकडे गेले. १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नवी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करवली, तिला ‘एडा’ हे नाव दिले, आणि तिच्या प्रमाणपत्रिकेला क्रमांक दिला तो १८१५, म्हणजे तिच्या जन्माचे साल.

ज्या घरी मूल गणिताचे पुस्तक पुढ्यात घेऊन तासभर एकाच ओळीवर थांबलेले असेल, त्या घरच्या वडीलमाणसांनी बोडलियनमधली ती पत्रे आठवावीत. पंचविशीतली एक बाई, दुखण्यातून उठलेली, मागे तीन लहान मुले, आणि समोरच्या कागदावर एक न सुटलेली ओळ. ती ओळ तिने जशीच्या तशी उतरून घेतली, खाली आपली शंका लिहिली आणि कागद टपालात टाकला. मुलाला रागे भरण्याआधी एवढे पाहावे की, त्याची अडलेली ओळ वाचून उत्तर देणारे कोणी आहे की नाही. आणि ते ओळ सोडवील, तेव्हा शाबासकी त्याच्या कानावर जाईल असे करावे.